पान आपले, पत्ता विद्यापीठाचा



ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हाताने काम करत शिकायचे, हा 'नई तालीम'चा विचार तिथून देशभर गेला. त्याच जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींना मला आज एक नवे हातकाम सुचवायचे आहे. विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःचे वेबपान स्वतः तयार करा.

काम अवघड नाही. अनेक विद्यापीठांत रूढ असलेली पद्धत साधी आहे. सर्व्हरवरच्या आपल्या खात्यात 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात 'इंडेक्स' नावाची फाइल ठेवायची. परवानगी अशी द्यायची की वाचता सर्वांना यावे, बदलता फक्त आपल्याला. लिहायला नोटपॅड पुरते. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून पानाच्या सुरुवातीला तशी नोंद केली, की मराठी आणि उर्दू एकाच पानावर नांदतात. उर्दू मजकुराला तेवढी उजवीकडून डावीकडे अशी दिशा द्यावी लागते.

पण हा खटाटोप कशासाठी? समाजमाध्यमांवर कोणाला काय दिसावे, हे कंपनी ठरवते. आपल्या वस्तीबद्दल बहुधा दुसरेच लिहितात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या एखाद्या मुलीने हिंगणघाटच्या कापूस बाजारावर केलेला प्रकल्प गुण मिळाले की कपाटात पडतो. तोच तिच्या नावाने पानावर आला, तर पुढचा विद्यार्थी तिथून सुरुवात करू शकेल.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पान सर्वांना खुले असते, म्हणून घरचा पत्ता, फोन नंबर, परीक्षेचा बैठक क्रमांक त्यावर नको. दुसरे म्हणजे पत्ता संस्थेचा असतो. शिक्षण संपून खाते बंद झाले, की पानही जाते. याहूने २००९ मध्ये 'जिओसिटीज' बंद केले, तेव्हा असंख्य लोकांची पाने अशीच गेली. म्हणून प्रत्येक फाइलची प्रत आपल्याजवळ हवीच.

संस्थांकडेही माझे मागणे आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने 'हिंदी समय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्य सर्वांना मोफत खुले केले. नामवंत लेखकांना जशी जागा मिळाली, तशी छोटीशी खोली जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्यालाही मिळावी. साध्या भाषेतले नियम, एक तासाचे प्रशिक्षण आणि खाते बंद करण्यापूर्वी पूर्वसूचना, एवढेच पुरेसे आहे. काही पानांच्या मजकुराला फार मोठी जागा लागत नाही.

आपल्या कॉलेजात ही सोय आहे का, हे या आठवड्यात विचारा. नसेल, तर चारजण मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. आपल्याबद्दलचे पहिले वाक्य आपणच लिहिलेले बरे.