आतल्या पानाचे काय?

हाताने केलेली वस्तू मनापासून केलेली असते, हा समज आपल्याकडे इतका पक्का झाला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतही नाही. शुभेच्छापत्रांच्या बाबतीत तर तो जवळजवळ श्रद्धेच्या पातळीवर पोचला आहे. दुकानातून आणलेले कार्ड म्हणजे कोरडा उपचार आणि घरी कातर-डिंक घेऊन केलेले कार्ड म्हणजे अंतःकरणाचा उमाळा, अशी सरळ वाटणी झाली आहे. आम्हांला ही वाटणी मान्य नाही. या समजाने मराठीत लिहिण्याच्या सवयीचे बरेच नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि हे नुकसान मराठीच्या नावाने भरणाऱ्या कार्यक्रमांतूनच होत आहे, हे अधिक वाईट.

वार्षिक स्नेहसंमेलन असो की २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 'शुभेच्छापत्र बनवा' ही स्पर्धा महाविद्यालयांत हमखास असते. परीक्षक म्हणून मराठीच्या अध्यापकांना बोलावतात. टेबलावर मांडलेली कार्डे खरोखर देखणी असतात. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुले, लेस, टिकल्या, चमकी, आणि पाण्यात कुजवून जाळी उरलेले, मग सोनेरी रंगवलेले पिंपळाचे पान. या कष्टांची आम्ही थट्टा करीत नाही; ते पान न फाटता कागदावर चिकटवणे सोपे नसते. पण कार्ड उघडले की आत काय असते? बहुधा काहीच नसते. असलेच तर कुठून तरी उतरवलेल्या चार यमकबद्ध ओळी, ज्यांत 'सुख' आले की पाठोपाठ 'दुःख' येणारच, आणि ज्या मावशीला, मैत्रिणीला किंवा निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना सारख्याच लागू पडतात.

अशाच एका स्पर्धेच्या गुणपत्रकात रंगसंगती, कल्पकता, सफाई आणि 'टाकाऊतून टिकाऊ' असे चार रकाने होते. मजकुराचा रकाना नव्हता. तो घाला, अशी सूचना आम्ही केली तेव्हा 'मजकूर वाचत बसायला वेळ कुठे आहे?' असे उत्तर मिळाले. मराठीच्या दिवशी, मराठीच्या कार्यक्रमात, मराठीच्याच अध्यापकांना! त्या टेबलाच्या कडेला वहीचे पुठ्ठ्याचे मागले पान दुमडून केलेले एक कार्ड होते. बाहेर स्केचपेनने काढलेली एस.टी., तीही जरा कललेली. आत लिहिले होते: 'बाबा, रात्रीची गाडी लावून आलात की तुम्ही चपला हातात घेऊन घरात येता. मी जागाच असतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा. या वर्षी डबा मी धुणार.' चार रकान्यांत या मजकुराला जागा नव्हती. कार्डाला क्रमांक मिळाला नाही.

हस्तनिर्मितीचा आणि जिव्हाळ्याचा संबंध आपण समजतो तितका जुना वा पवित्र नाही. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढले. त्याआधी तीन वर्षे इंग्लंडात एका पेनीत पत्र पोचवण्याची सोय झाली होती, आणि त्या सुधारणेत कोल यांचाही हात होता. पत्रे स्वस्त झाली तशी ती वाढली, आणि सणाला सगळ्यांना उत्तरे लिहिणे कोल यांना जमेना. म्हणून त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि सुमारे हजार प्रती छापवल्या. वर ज्याला पाठवायचे त्याच्या नावापुरती जागा, खाली पाठवणाऱ्याच्या नावापुरती जागा, मधला मजकूर छापील. पत्र लिहिण्याचा वेळ वाचवण्यासाठीच शुभेच्छापत्र जन्माला आले. आणि गंमत अशी, की ते छापल्यावर हाताने रंगवले जात असे! हात तेव्हाही राबत होता, मजकूर मात्र आयता होता.

अमेरिकेतील एस्थर हाउलंड यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रेमपत्रिका करण्याचा व्यवसाय उभारला. जाळीदार कागद, रंगीत चित्रे, फिती, सगळे हाताने जोडलेले. पण कसे? टेबलाभोवती स्त्रिया बसत. एकीने चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमी तयार करायची, तिसरीने चिकटवायचे, आणि कार्ड पुढे सरकवायचे. कारखान्याचीच रांग ती. पुढे १८७९ मध्ये त्यांनी पद्यांची एक पुस्तिकाच काढली. कार्डातले पद्य पसंत नसेल तर पुस्तिकेतले दुसरे निवडून त्यावर डकवायचे. मनातली भावना अशी क्रमांक पाहून निवडता येत होती. त्याच १८७९ साली हिंदुस्थानात एक पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले. त्यावर चित्र नव्हते, फीत नव्हती. लिहिण्यापुरती कोरी जागा होती, आणि ती भरायची जबाबदारी लिहिणाऱ्याची होती.

आपल्या जुन्या पत्रांतही साचा होताच की, असा आक्षेप येईल. होता. 'तीर्थरूप', 'तीर्थस्वरूप', 'चि.', 'सा. न. वि. वि.', 'शिरसाष्टांग नमस्कार', 'लोभ असावा'. त्या मायन्यांत क्रौर्यही होते. विधवेच्या नावाआधी 'गं. भा.' लिहून प्रत्येक पत्रातून तिला तिचे वैधव्य ऐकवले जाई, आणि तो मायना गेला हे उत्तमच झाले. पण मायना एक काम करी. लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि त्यांचे नाते काय, हे तो पहिल्या ओळीत ठरवून टाकी. जन्मदात्यांना 'तीर्थरूप' आणि त्यांच्या बरोबरीच्या इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', इतका बारीक फरक त्यात होता. मग यायचे 'पत्र लिहिण्यास कारण की'. हे शब्द लिहिल्यावर कारण सांगावेच लागे. पाऊस, पेरणी, फी, थोरलीचे बाळंतपण, काहीतरी खरे लिहावेच लागे. साचा होता तो दाराच्या चौकटीसारखा. आत माणूस राहत होता. आजच्या नटव्या कार्डाला 'कारण की' नाही.

छापील कार्ड आले म्हणून लिहिणे थांबते असेही नाही. संक्रांतीची ती छोटी छापील कार्डे आठवून पाहावीत. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे छापलेलेच असे. पण पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेले असत आणि कार्डाच्या उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन ओळी असत. ती कार्डे त्या तीन ओळींसाठी जपली गेली. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार आजही वाचला जातो. तो कोणत्या कागदावर झाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता दुसरा आक्षेप: सगळ्यांनाच शब्द सुचत नाहीत, हाताने बोलणाऱ्यांना हाताने बोलू द्या. सुतार मुलीसाठी पाळणा करतो, आजी गोधडी शिवते, त्या वस्तू बोलतात. यात वाद नाही. गोधडी अंगावर घेता येते. पण शुभेच्छापत्र ही मुळात लिहिण्याची वस्तू आहे. ती कोरी पाठवणे म्हणजे सुबक पाकिटात पत्र घालायचे राहून जाणे. लहान मुलाने 'आइ' असे ऱ्हस्व लिहिलेले कार्ड आम्हांला प्रिय आहे, कारण त्यातला शब्द कितीही अशुद्ध असला तरी त्याचा स्वतःचा आहे आणि एकाच बाईसाठी आहे. दिवाळीपूर्वी बचत गट किंवा विशेष मुलांच्या संस्था हातकागदाची कार्डे विकतात, तीही अवश्य घ्यावीत; तो प्रामाणिक व्यवसाय आहे. फक्त तिथे हात दुसऱ्याचा असतो. मनही त्याच पैशांत आले, अशी समजूत करून घेऊ नये.

विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत अभिनंदनपत्र असते, आणि मुले ते गुणांपुरते बिनचूक लिहितात: दिनांक, विषय, 'आपला विश्वासू'. त्यांना शिकवलेले नाही ते एवढेच, की अभिनंदन कुणाचे, कशाबद्दल, आणि ते नेमके आपणच का करतो आहोत. ही पोकळी पूर्वी उतरवलेल्या चारोळीने भरली, मग फोनवरून ढकललेल्या संदेशाने. आता तर यंत्राला 'बाबांच्या साठीनिमित्त भावपूर्ण संदेश' एवढे सांगितले की क्षणात व्याकरणशुद्ध आठ ओळी हजर होतात. त्या सुवाच्य अक्षरात उतरवून भोवती पिंपळपान चिकटवले की कार्ड पुन्हा 'हस्तनिर्मित'! यंत्राला चपला हातात घेऊन येणारे बाबा ठाऊक नसतात. ते एस.टी. काढणाऱ्या मुलालाच ठाऊक होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मराठीच्या नावाने होणाऱ्या या स्पर्धेत यापुढे सर्वांना एकसारखे, पोस्टात मिळणारे साधे कार्ड द्यावे. रंग नकोत, कातर नको. प्रत्येकाने ते एका खऱ्या माणसाला लिहावे, पत्ता घालावा, आणि परीक्षकांनी वाचून झाल्यावर ते खरोखर पेटीत टाकावे. जागा पुरत नाही अशी तक्रार पहिल्या दिवशीच येईल. पूर्वी बायका पोस्टकार्ड भरले की ते आडवे धरून समासात लिहीत, आणि तेही भरले की पत्त्याच्या बाजूला उरलेल्या पट्टीत.