अचूकता : कोणाच्या प्रमाणाने?

वाणीचे लेखनात रूपांतर करणाऱ्या संगणकीय प्रणाली मराठी चुकीची लिहितात, ही तक्रार आता विद्यापीठीय मराठी विभागांतूनही ऐकू येते. 2017 मध्ये गूगलने बोलून टंकलेखन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. 2022 मध्ये केंद्र शासनाचा 'भाषिणी' उपक्रम सुरू झाला. तरीही तक्रार कायम आहे, आणि ती खोटी नाही. मात्र ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते तपासल्याखेरीज तिला समीक्षेचा दर्जा देता येत नाही. 'चूक' म्हणताना कोणते 'बरोबर' अभिप्रेत असते?

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या उचगावचे उदाहरण घ्यावे. तिथे 'मी काल आलतो' हे पूर्ण आणि निर्दोष मराठी वाक्य आहे. त्रुटी मोजण्याची प्रचलित रीत अशी : बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द यांची बेरीज करून तिला आदर्श संहितेतील शब्दसंख्येने भागायचे. आदर्श संहिता 'मी काल आलो होतो' अशी धरली, तर ऐकले तसे लिहिणाऱ्या यंत्राच्या पदरी चारांत दोन, म्हणजे 50 टक्के त्रुटी पडते. वक्त्याचे रूप पुसणारे यंत्र मात्र पूर्णतः अचूक ठरते. आदर्श संहिता बोलीत लिहिली, की निकाल उलटतो : पहिल्याची त्रुटी शून्य, दुसऱ्याची तीनांत दोन. ध्वनी तोच, गणित तेच; बदलतो तो केवळ संहिताकार.

हा संहिताकार अभियंता नव्हे. ध्वनीशी जुळणाऱ्या अनेक पर्यायांतून यंत्र लिखित मराठीत अधिक आढळणाऱ्या पर्यायाकडे झुकते. ही लिखित मराठी घडविली ती पाठ्यपुस्तकांनी, वृत्तपत्रांनी आणि प्रबंधांनी. क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रित झालेली कहाणी प्रबंधाच्या परिशिष्टात उतरताना 'सुधारली' जाते, तेव्हा तिथे कोणतेही यंत्र नसते. कोल्हापूर परिसरातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असे म्हणतात. यंत्राने 'येतो' असेच लिहिले आणि तपासनीसाने त्याचे 'येते' केले, तर चूक कोणाची? लिंगभाव आणि व्याकरण यांच्या संबंधाचा एक मोलाचा पुरावा त्या एका मात्रेबरोबर नाहीसा होतो.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'ने (1971) बोलीला संवादाच्या अवतरणचिन्हांतून बाहेर काढून संपूर्ण निवेदनाची भाषा केले. त्या कादंबरीचा गौरव करणाऱ्या समीक्षेनेच ध्वनिमुद्रणाच्या संहितेत बोलीला अशुद्ध ठरवावे, हा दुटप्पीपणा आहे. 2011 च्या जनगणनेतील मराठीभाषकांची सुमारे 8.30 कोटी ही संख्या बोलीभाषकांना धरूनच सिद्ध होते. म्हणजे मोजणीसाठी जे मराठी आहेत, तेच लेखनात आले की त्रुटी ठरतात.

उपाय यंत्राला 'शुद्ध' मराठी शिकविण्यात नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन संहिता हव्यात : एक जसे उच्चारले तशी, दुसरी प्रमाणरूपातील, त्रुटीही दोन्हींच्या आधारे स्वतंत्रपणे मोजली जावी. पहिल्या संहितेवर अखेरचा शब्द त्या बोलीच्या भाषकांचा असावा. हे काम मराठी विभागांचे आहे. ते टाळून यंत्राला बहिरे म्हणणे म्हणजे आरशावर रागावणे होय.