रक्त दिसत नाही, म्हणून माग नाही?

१/११
एडवणच्या किनाऱ्यावरून पूर्वेला निघाले की वाड्या, भातखाचरे आणि सफाळ्याचा रेल्वेमार्ग मागे टाकून तांदुळवाडीच्या डोंगराचे रान लागते. पालघरच्या या पट्ट्यातील वारली, कातकरी समाजांत तिरकमठ्याची पारध पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्या पारधीतील सर्वांत अवघड काम नेम धरण्याचे नव्हते. ते होते जखमी जनावराचा माग काढण्याचे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे काम समजून घ्यायला हवे, ते का, यासाठी हा धागा.

२/११
बाण लागलेले हरीण जागीच कोसळते, हा समज चुकीचा आहे. ते बहुधा पळते. बाण शरीरात वरच्या बाजूस लागला असेल तर रक्त आतल्या पोकळीत साचते. कातडी आणि चरबी जखमेचे तोंड बुजवतात. जमिनीवर एखाद-दुसरा थेंब पडतो, कधी तोही नाही. जखम प्राणघातक असते, पण तिचा पुरावा तुटपुंजा असतो.

३/११
अशा वेळी जाणता माणूस धावत नाही. शेवटची खात्रीची खूण तो फांदी मोडून नक्की करतो. मागावरून न चालता मागाच्या कडेने चालतो, कारण पायाखाली पुरावा तुडवला जातो. रक्त फेसाळ व लालभडक असेल तर घाव फुप्फुसाचा, काळपट असेल तर यकृताचा. रक्त संपले की तो उलटलेले पान, फाकलेला खूर, गवताच्या पात्याला लागलेला डाग पाहतो. तेही संपले की शेवटच्या खुणेभोवती वाढती वर्तुळे घेत पुढची खूण शोधतो.

४/११
ही रीत भारतीय न्यायविचारात फार पूर्वी शिरली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने खटला कसा चालवावा याची चर्चा आहे. तेथील ४४ व्या श्लोकाचा आशय असा : पारधी जसा रक्ताच्या थेंबांवरून हरणाचे ठिकाण गाठतो, तसे राजाने अनुमानाने धर्माचे ठिकाण गाठावे. महाभारताच्या शांतिपर्वातही याच धाटणीचा दृष्टान्त येतो.

५/११
मात्र त्याच मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडला की रानातील पशू मारून जगणाऱ्या समाजांना समाजरचनेच्या तळाशी ढकललेले दिसते. दृष्टान्त पारध्याचा घेतला आणि पारध्याला वेशीबाहेर ठेवले. ज्ञान उचलायचे आणि ज्ञानी माणूस वगळायचा, ही सवय येथे एकाच ग्रंथात उघडी पडते.

६/११
१९७९ मध्ये इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी एका गाजलेल्या निबंधात मांडले की क्षुल्लक खुणांवरून न पाहिलेली घटना उभी करण्याची रीत मुळात शिकाऱ्याची आहे. रोगनिदान, गुन्हेतपास आणि इतिहासलेखन हे तिचे वारसदार होत. कदाचित पहिली गोष्टही शिकाऱ्यानेच सांगितली असावी, असे त्यांनी सुचवले.

७/११
वारसदार नावारूपाला आले. मूळ धनी कायद्याच्या कचाट्यात सापडला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगल आखले आणि तेथील वावर, शिकार नियमांच्या चौकटीत आणली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली. ही बंदी योग्यच आहे आणि ती सैल व्हावी असे येथे मुळीच सुचवायचे नाही. प्रश्न पारधीचा नाही, तर माग वाचण्याच्या ज्ञानाचा आणि ते जपणाऱ्या माणसांचा आहे.

८/११
या किनाऱ्याच्या कागदी इतिहासाचा एक मोठा आधार म्हणजे महिकावतीची बखर. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. राजे, कुळे, वतने यांचा माग तीत ठळक आहे. रानातील वस्तीचा माग मात्र विरळ, कारण लेखणी तेथवर क्वचितच पोहोचली. ज्याच्या हाती कागद त्याचे रक्त जमिनीवर दिसते. इतरांचे आतल्या आत साचते.

९/११
म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावा. त्याच्या २००८ च्या नियमांतील १३ वा नियम सरकारी कागदांच्या जोडीला इतरही पुरावे मानतो : वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाब, घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. ही यादी म्हणजे उलटलेली पाने आणि फाकलेले खूरच आहेत.

१०/११
तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवण्याचे निर्देश दिले. २८ फेब्रुवारीला त्यांना स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले, हे राज्यांना सांगण्यास फर्मावले गेले. प्रश्न नेमका हाच होता : माग खरोखर नव्हता, की शोधणारा पहिल्याच वळणावरून परतला?

११/११
तुटपुंजा पुरावा म्हणजे कल्पनेला मोकळे रान नव्हे. शेवटच्या खुणेपुढे धावणारा हरीणही गमावतो आणि मागही तुडवतो. पण ‘कागद नाही, म्हणून इतिहास नाही’ असे म्हणणारा तर मागावर निघालेलाच नसतो. पालघरच्या पाड्यांवर माग वाचता येणारी वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांच्या आठवणी, रानातील जागांची नावे, जुन्या विहिरी आणि देवस्थाने आजच नोंदवली पाहिजेत. पाऊस पडला की माग धुऊन जातो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?