खेड्यातील शाळा वाढली पाहिजे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरापासून तुमची शाळा किती लांब आहे? कोणी म्हणेल, दहा मिनिटांची वाट. कोणी म्हणेल, बसचे तीन थांबे. शहरात राहणाऱ्या मुलाला या प्रश्नात विशेष काही वाटणार नाही. परंतु कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या लहानशा गावातल्या मुलीचे पुढचे सारे आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. शाळा गावात असेल तर ती शिकते. शाळा पाच किलोमीटर दूर गेली, की बहुधा ती घरी राहते.

तुम्ही म्हणाल, आता तर गावोगावी शाळा आहेत. हे खरे आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत असली पाहिजे. पहिलीत नाव घालणे ही आज फार मोठी अडचण राहिलेली नाही. मग अडचण कोठे आहे?

अडचण पायऱ्यांची आहे. लहान गावात शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंत असते. थोड्या मोठ्या गावात ती सातवी-आठवीपर्यंत जाते. माध्यमिक शाळा बाजाराच्या गावी असते आणि महाविद्यालय तालुक्याला. म्हणजे प्रत्येक पायरीला शाळा थोडी दूर सरकते. प्रत्येक पायरीला काही मुले गळतात आणि त्यांत मुली जास्त असतात. मुलाला जुनी सायकल तरी मिळते. मुलीच्या बाबतीत घरात विचार सुरू होतो, “वाटेत ओढा आहे, संध्याकाळी अंधार पडतो, बरोबर कोण?” ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. ही सोय फार चांगली आहे. पण शाळा सुटते पाच वाजता आणि गाडी येते साडेसातला, असे असेल तर तो पास दप्तरातच राहतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ‘गाव तेथे शाळा’ एवढ्यावर आपण समाधान मानू नये. गावातली शाळा वाढली पाहिजे. ती वर्गांनी वाढली पाहिजे, वर्षातल्या दिवसांनी वाढली पाहिजे आणि जी मुले तिच्या दारापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे.

आता वर्षातल्या दिवसांचा प्रश्न कसा येतो, ते पाहू. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगांवर पुष्कळ लहान गावे आहेत. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, कापूस, सोयाबीन ही पिके घ्यायची आणि खरीप निघाले, की हाताला काम नाही. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. फडाजवळ कोपी उभारायची आणि पहाटे अंधारात कामाला लागायचे. परत येता येता उन्हाळा लागतो.

या पाच-सहा महिन्यांत मुले कोठे असतात? पुष्कळ मुले आईबापांबरोबर जातात. ती वाढे गोळा करतात, बैलांना चारा-पाणी करतात, लहान भावंडांना सांभाळतात. गावच्या शाळेत त्यांचे नाव हजेरीपटावर असते; पण बाकावर ती नसतात. जूनमध्ये ती परत वर्गात बसतात, तेव्हा त्यांच्या बरोबरीची मुले अर्ध्या वर्षाने पुढे गेलेली असतात. असे दोन-तीन वर्षे झाले, की मुलालाच शाळेची लाज वाटू लागते. “त्याला अभ्यासाची आवड नाही,” असे मग आपण म्हणतो. मित्रांनो, ज्याचे निम्मे पुस्तक दरवर्षी वाचायचे राहून गेले, त्याला आवड लागणार कशी?

या मुलांसाठी काहीच झाले नाही, असे नाही. १९९० नंतरच्या काळात काही संस्थांनी साखर कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ चालवल्या. पुढे ‘हंगामी वसतिगृह’ ही कल्पना आली. आईबाप ऊसतोडीला गेले, तरी मूल गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. या दोन्ही योजनांमागचा विचार योग्य आहे. मात्र हंगामी वसतिगृह हंगाम सुरू होण्यापूर्वी उघडले पाहिजे. बैलगाड्या निघून गेल्यावर ते उघडले, तर मूल गाडीत बसून गेलेले असते. शेतकरी पेरणीचा वाफसा चुकवत नाही. शाळेनेही आपली वेळ चुकवू नये.

शाळेने मुलाकडे जावे, हा विचार आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही गोष्ट त्यांनी स्पष्टपणे मांडली. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे त्यांनी सुचवले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड होता. त्याच्या आधी, १९०६ साली, कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जाती-धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत.

याहूनही एक वेगळा प्रयोग तुम्हांला सांगण्यासारखा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो.) तेथे त्यांच्या लक्षात आले, की बोलावूनही मुले शाळेत येत नाहीत. मग त्या स्वतः पाड्यावर गेल्या आणि घरांच्या अंगणातच शाळा भरू लागली. ही अंगणवाडी. मोठ्या मुली लहान भावंडांमुळे घरी अडकतात, हे त्यांनी पाहिले, तेव्हा शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी आली. मुले गुरे राखायला जातात, हे दिसले, तेव्हा गुरे चरतात त्या कुरणातच वर्ग भरला. त्याला नाव मिळाले ‘कुरणशाळा’.

यातून आपण काय शिकायचे? ताराबाई आणि अनुताई यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. मूल का येत नाही, याचे कारण त्यांनी शोधले आणि त्या कारणाला उत्तर होईल अशी शाळा उभी केली. आजही मुलगी भावंडांना सांभाळत घरी बसली असेल, तर तिच्या घरी जाऊन उपदेश करण्यापेक्षा शाळेजवळची अंगणवाडी पूर्ण वेळ चालवणे अधिक उपयोगी पडेल. भूक हेही एक कारण होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय आहाराची योजना सुरू झाली. आरंभी आपल्याकडे मुलांना घरी नेण्यासाठी दरमहा ३ किलो तांदूळ मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आता दुपारची खिचडी शाळेतच मिळते. एका कारणाला उत्तर मिळाले. तसेच ते दुसऱ्या कारणांनाही मिळू शकते.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप खर्चाचा आहे. “पंधरा मुलांसाठी एक इमारत आणि दोन शिक्षक कशाला? त्यापेक्षा अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करावी,” असे काही जण म्हणतात. २०२३ साली राज्यात असा ‘समूह शाळां’चा विचार पुढे आला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या तेव्हा जवळजवळ १५ हजार होती. या विचारात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, खेळाचे मैदान असते, विषयाला स्वतंत्र शिक्षक असतो, खेळायला सोबती असतात. एका खोलीत चार इयत्ता शिकवणाऱ्या शिक्षकाची ओढाताण मलाही ठाऊक आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाने रोज डोंगर उतरून जावे, हे व्यवहार्य नाही. खर्च वाचेल, पण तो वाचेल मुलांच्या गळतीतून. म्हणून माझ्या मते पाचवीपर्यंतचे वर्ग गावातच ठेवावेत. त्यापुढचे वर्ग एकत्र करायचे असतील, तर आधी गाडी सुरू करावी आणि मगच शाळा हलवावी. गाडीचे नुसते आश्वासन पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप आईबापांचा असतो. “शिकून तरी काय? नोकरी कोठे आहे?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अनुभवाचा आहे. दहावी-बारावी होऊन घरी बसलेली मुले त्यांनी पाहिलेली असतात. पण शिक्षण फक्त नोकरीसाठी असते का? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपले नाव बरोबर आहे का, पीकविम्याचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, औषधाच्या बाटलीवर किती पाण्यात किती औषध घालायला सांगितले आहे, मालाचे वजन काट्यावर किती भरले, मुकादमाने उचलीत किती रुपये मांडले आणि किती फिटले, या गोष्टी ज्याला स्वतः वाचता येतात, त्याला फसवणे कठीण जाते. गरीब शेतकऱ्याच्या घरात एक मूल जरी नीट शिकलेले असले, तरी त्याच्या लेखी सारे घर शिकलेले असते.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न आपल्या उर्दू शाळांशीही जोडलेला आहे. २००६ साली सच्चर समितीने आपला अहवाल दिला. सहा ते चौदा वर्षांच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा मध्येच सोडली होती, असे त्या अहवालात म्हटले आहे. इल्म हासिल करणे फर्ज आहे, हे आपण घरात लहानपणापासून ऐकतो. मग एवढी मुले मागे का राहिली? गरिबी हे एक कारण झाले. दुसरे कारण खेड्यात गेल्यावर दिसते. गावात उर्दू शाळा असली, तर ती पुष्कळदा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. पुढची उर्दू शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला. जवळची माध्यमिक शाळा असते मराठीची. ज्याला मराठी येते, तो तेथे जाऊन बसतो. ज्याला येत नाही, तो पंक्चरच्या दुकानात किंवा बागवानाच्या गाडीवर जाऊन उभा राहतो. मुलगी घरीच राहते.

यावर उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही एकदम व्हायला हवेत. पहिला उपाय म्हणजे पट आहे तेथे उर्दू शाळांचे वरचे वर्ग सुरू झाले पाहिजेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो. ही मागणी म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. दुसरा उपाय म्हणजे उर्दू शाळेतील मराठी पहिल्यापासून पक्की झाली पाहिजे. मराठी हा फक्त गुणपत्रिकेतील एक विषय नाही. गावातल्या मुलासाठी तो पुढच्या वर्गाचा दरवाजा आहे. आणि ही भाषा तुम्हांला वाटते तेवढी परकीही नाही. हजेरी, दाखला, तालुका, जिल्हा हे शब्द मराठीने आणि उर्दूने वाटून घेतलेले आहेत. ‘तालीम’ हा शब्द मात्र जपून वापरा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा!

आता शेवटी तुमच्याविषयी. तुम्ही म्हणाल, शाळा वाढवणे हे शासनाचे काम आहे, आम्ही मुले काय करणार? शासनाचे काम शासनानेच केले पाहिजे, यात शंका नाही. पण कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्या गावी, तुमच्या मामाच्या किंवा चाचांच्या गावी ही समिती भरते का, हे विचारा. भरत असेल, तर आपल्या अम्मीला, खालाला तेथे जायला सांगा. पुढचा वर्ग हवा, हंगामी वसतिगृह वेळेवर हवे, गाडीची वेळ बदलून हवी, असा अर्ज मराठीत लिहावा लागेल. तो लिहून देणे तुम्हांला आज जमण्यासारखे आहे. अर्ज कसा लिहावा, हे आपण याच पुस्तकात शिकतो. ते परीक्षेतील पाच गुणांपुरते ठेवू नका.

आणि आणखी एक गोष्ट. जून महिन्यात तुमच्या वर्गात एखादे मूल उशिरा येईल. त्याचे हात खरबरीत असतील. पुस्तकातील निम्मे धडे त्याने वाचलेले नसतील. त्याला हसू नका. तुमची वही त्याला द्या आणि आपल्या शेजारी बसवा. शाळा वाढण्याची सुरुवात त्या बाकावरूनही होते.