अंकुराला महिना लागतो

आज 21 एप्रिल. संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये हा दिवस जागतिक सर्जनशीलता व नवोन्मेष दिन म्हणून मान्य केला. तेव्हापासून या सुमारास शुभेच्छांचे फलक लागतात, महाविद्यालयांत कार्यशाळा भरतात, भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या जातात आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटून झाली की सर्जनशीलतेची रवानगी पुढच्या एप्रिलपर्यंत कपाटात होते. ही तारीख लिओनार्दो दा विंचीच्या जन्मदिनापासून, म्हणजे 15 एप्रिलपासून सुरू होणाऱ्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. मराठी माणसाला मात्र तिच्यावर हक्क सांगायला घरचेच कारण आहे. 21 एप्रिल 1913 रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात धुंडिराज गोविंद फाळके यांनी निमंत्रितांना ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखवला. 3 मे रोजी तो गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला आणि लोकांच्या लक्षात ती तारीख राहिली.

याच निमित्ताने एका पुस्तकाची आठवण काढायला हवी. ग्रॅहम वॉलस हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे ‘द आर्ट ऑफ थॉट’ 1926 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला आता शंभर वर्षे होतात. नवे काही सुचते ते कसे, याचे चार टप्पे त्यांनी त्यात मांडले: पूर्वतयारी, मुरणे, अचानक उजेड पडणे आणि पडताळणी. पहिल्या तीन टप्प्यांचे श्रेय त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांना दिले. सत्तरीच्या सत्कारात, 1891 मध्ये, हेल्महोल्ट्झ म्हणाले होते की प्रश्नाची सर्व बाजूंनी उलटापालट करून झाल्यावर चांगल्या कल्पना सुचतात, पण मेजाशी बसून किंवा थकल्या डोक्याने कधीच नाही. ऊन पडलेले असताना रानातली टेकडी सावकाश चढताना त्या हटकून येतात. फ्रेंच गणिती प्वांकारे यांना महत्त्वाची गोष्ट उमगली ती बसच्या पायरीवर पाऊल ठेवताना. चौथी पायरी वॉलस यांनी स्वतः जोडली. सुचले ते बरोबर आहे का, हे बसून तपासणे.

पुढे डिझाइन शिकवणाऱ्यांनी असेच आराखडे केले. ब्रिटिश डिझाइन कौन्सिलने 2005 च्या सुमारास जोडचौकटीची आकृती आणली. स्टॅनफर्डच्या पाच पायऱ्या तर आता आपल्याकडच्या व्यवस्थापन वर्गांत पाढ्यांसारख्या म्हटल्या जातात: माणूस समजून घ्या, प्रश्न नेमका करा, कल्पना काढा, नमुना बनवा, वापरून पाहा. यात चुकीचे काही नाही. अडचण एवढीच, की मागे वळून पाहणाऱ्याने केलेले वर्णन आपण पुढे जाणाऱ्याचे वेळापत्रक करून टाकले. वॉलस यांना हा धोका दिसत होता. टप्पे एकमेकांवर चढलेले असतात, सकाळचे टपाल पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न मुरत असतो, दुसऱ्याची तयारी चाललेली असते आणि तिसऱ्याचा ताळा जुळवला जात असतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

फाळक्यांची गोष्ट आपण उजेडापासून सांगतो. 1911 च्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, आणि भारतीय चित्रपट जन्मला. त्यांनीच नंतर ‘नवयुग’मध्ये हा अनुभव लिहिला, त्यामुळे तो खोटा म्हणता येत नाही. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस चाळिशी ओलांडलेला होता. 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोंचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि चित्रे काढण्याची नोकरी, लोणावळ्यात रविवर्म्याच्या छापखान्यातले शिळाछपाईचे काम, तिरंगी छपाई शिकायला 1909 मध्ये जर्मनीची वारी, शेवटी भागीदारांशी बिनसून स्वतःच उभारलेल्या छापखान्याला रामराम. मध्येच ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोग! अशा माणसाला आजच्या मुलाखतीत पहिला प्रश्न विचारला जाईल तो ‘इतक्या नोकऱ्या का बदलल्या?’ हा. पण नेपथ्य, प्रकाश, रसायने, यंत्र आणि नजरबंदी या पाचही गोष्टी एकाच डोक्यात आल्या त्या याच भटकंतीत. त्या दिवशी त्याच थिएटरात इतर शेकडो लोक बसले होते. त्यांनी चित्र पाहिले आणि ते घरी गेले.

त्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे आहेत. फाळके रोज मिळेल तो चित्रपट पाहत सुटले, इतके की डोळे गेले की काय अशी वेळ आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले. परतल्यावर पैसा हवा होता आणि चित्रपट म्हणजे काय हे सावकाराला शब्दांनी पटणार नव्हते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर जेमतेम मिनिटभर चालली. तेवढ्या मिनिटात मातीतून कोंब वर येऊन वेल होताना दिसला आणि थैल्या सैल झाल्या.

नमुना याहून चोख कसा असावा? खर्च कुंडीचा आणि थोड्या फिल्मचा. त्यात यंत्र, कच्ची फिल्म, धुलाई आणि प्रक्षेपण या सगळ्यांची परीक्षा झाली, शिवाय समोरच्याला हरिश्चंद्राची कथा न सांगता माध्यमाची करामत कळली. त्यातला महिना मात्र कुठल्याच यंत्राने कमी झाला नसता.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या कामाचा निम्मा भार फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी उचलला होता. अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक. त्यांचे दागिनेही याच कामी आले. एकट्या प्रतिभावंताचे चित्र आपल्याला फार आवडते, म्हणून हे प्रकरण तळटीपेत जाते. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला स्वयंपाकी अण्णा साळुंके उभा केला गेला. कार्यशाळेच्या भाषेत याला ‘मर्यादेतून नवनिर्मिती’ म्हणतील. फाळक्यांच्या दृष्टीने तो नाइलाज होता.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या आयआयटीत 1969 पासून डिझाइनचे शिक्षण आहे. 2016 पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडल्या, हे चांगलेच झाले. पण बहुतेक ठिकाणी पाच पायऱ्या दोन दिवसांत उरकल्या जातात, प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी बाजारातून संच येतो, आणि मुरण्याच्या टप्प्याला तर तासिकाच नसते. तो रिकामा वेळ म्हणजे आळस, असे पालकांनाही वाटते. वॉलस यांनी या टप्प्यातला मोठा धोका सांगितला आहे तो निष्क्रिय वाचनाचा: डोक्याला विश्रांती हवी तेव्हा समोर येईल ते डोळ्यांखालून घालत राहणे. त्यांच्या काळी हातात छापील कागद असे, आता मोबाइल असतो. (अग्रलेखाच्या वाचकाला हे सांगणे आमच्या धंद्याला परवडणारे नाही, तरी सांगतो.)

कापला जाणारा दुसरा टप्पा पडताळणीचा. नमुना चालला की फोटो, नाही चालला तर कोपरा. नवोन्मेषाच्या स्पर्धांचे अर्ज पाहिले की उत्तर काय, फायदा किती, बाजार केवढा, हेच रकाने दिसतात. त्यांत एक रकाना वाढवावा: आधी काय करून पाहिले आणि ते का सोडले. परीक्षकांनी निम्मे गुण या रकान्याला द्यावेत. शाळेतल्या लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात न राहता उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांच्या हाती लागावी, कारण महिनाभर एका कुंडीसमोर थांबण्याइतका सलग वेळ त्यांना त्याच सुट्टीत मिळतो. ती सुट्टी आता तोंडावर आली आहे आणि या दोन्ही गोष्टींना मोठी तरतूद लागत नाही. शिक्षण खात्याचे एक परिपत्रक पुरे.