नळ एकच, गिऱ्हाईक एकच
रशियाच्या तेल-वायू वाहिन्या आणि आपला धंदा

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सूत एकाच शेठकडून येते, कापड त्याच शेठकडे जाते आणि मजुरीचा दरही तोच ठरवतो. काम चालू असते तोवर हा धंदा सुखाचा वाटतो. गिऱ्हाईक शोधण्याची दगदग नाही, माल पडून राहण्याची भीती नाही. शेठने तोंड फिरवले की मात्र माग एका दिवसात थांबतात. ही गत फक्त गरीब कारागिराची होते, अशी आपली समजूत आहे. परंतु नैसर्गिक वायूच्या निर्यातीत वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या रशियाचीही गेल्या काही वर्षांत नेमकी हीच गत झाली. म्हणून आज आम्ही आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे रशियाच्या पाइपलाइनची हकीकत ठेवत आहोत.

गाडीवानांची रोजी

या हकीकतीची सुरुवात बाकू शहरापासून होते. आज हे शहर अझरबैजानची राजधानी आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. विहिरींतून निघालेले तेल पिंपांत भरून गाड्यांवरून कारखान्यांपर्यंत नेले जाई. त्यावर हजारो गाडीवानांची आणि पिंपे बनविणाऱ्या कारागिरांची चूल पेटत असे. १८७८ च्या सुमारास नोबेल बंधूंनी विहिरींपासून कारखान्यापर्यंत लोखंडी नळ टाकला आणि वाहतुकीचा खर्च एकदम खाली आला. चिडलेल्या गाडीवानांनी नळाची मोडतोड सुरू केली, तेव्हा मालकांनी वाटेवर पहारे बसवले. नळ राहिला, गाड्या गेल्या.

त्याच बाकूत हाजी झैनुलआबिदीन तगियेव नावाचे गृहस्थ होते. चांभाराचा मुलगा, लहानपणी गवंडीकाम शिकलेला. पुढे त्यांच्या जमिनीत तेल लागले आणि ते लक्षाधीश झाले. पण सगळी पुंजी त्यांनी तेलात ठेवली नाही. १८९७ मध्ये तेलाचा धंदा विकून त्यांनी कापड गिरणी उभारली आणि १९०१ मध्ये बाकूत मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. नवे यंत्र आले म्हणून गाडीवानांनी ते मोडायला घेतले. तगियेव यांनी वेळीच दुसरा धंदा धरला. दोन्ही वाटा आपल्याही बाजारात आपण पाहिल्या आहेत.

एकाची भेसळ, सर्वांचे नुकसान

रशियाची सर्वांत प्रसिद्ध तेलवाहिनी म्हणजे ‘द्रुझ्बा’, अर्थात मैत्री. १९६४ मध्ये ती पूर्ण झाली. तिचा उगम तातारस्तानातील अल्मेत्येव्स्क येथे आहे. हा तातार मुसलमानांचा मुलूख असून तेथील रोमाश्किनो हे प्रचंड तेलक्षेत्र १९४८ मध्ये सापडले. बेलारूसमध्ये या वाहिनीला दोन फाटे फुटतात. एक पोलंड आणि जर्मनीकडे जातो, दुसरा युक्रेनमार्गे स्लोव्हाकिया, हंगेरी आणि चेक प्रदेशाकडे.

या नळातला व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. तातारस्तानचे तेल जड आणि गंधकयुक्त, तर पश्चिम सायबेरियाचे हलके आणि स्वच्छ. दोन्ही एकत्र होऊन ‘युराल्स’ या एका नावाने आणि एकाच भावाने विकली जातात. चांगला माल देणाऱ्याला थोडे कमी मिळते, हलका माल देणाऱ्याला थोडे जास्त. नळात माल एकदा शिरला की कोणाचा थेंब कोणता हे सांगता येत नाही.

याचा फटका एप्रिल २०१९ मध्ये बसला. विहिरी साफ करण्यासाठी वापरली जाणारी क्लोरीनयुक्त रसायने समारा भागातून तेलात मिसळली गेली. असे तेल तापवले की त्यातून आम्ल तयार होते आणि ते कारखान्याची यंत्रे खाऊन टाकते. बेलारूसच्या लक्षात येईपर्यंत लाखो टन तेल पुढे गेले होते. पोलंड आणि जर्मनीकडे जाणारा प्रवाह अनेक आठवडे बंद राहिला. लबाडी मूठभर लोकांची, पण अब्रू गेली सगळ्या रशियन तेलाची. आपल्याकडेही एखाद्याने कमी पन्ह्याचे, कच्च्या रंगाचे तागे गावाच्या नावाने खपवले की नंतर गावातल्या प्रत्येक माणसाला भाव पाडून द्यावा लागतो. सचोटी ही फक्त आपल्या घरची नसते, ती सगळ्या बाजाराची अमानत असते.

शत्रूंमधला व्यवहार

न्यायाने बोलायचे तर नळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६२ मध्ये नाटो राष्ट्रांनी रशियाला मोठ्या व्यासाचे पोलादी नळ विकण्यावर बंदी घातली आणि जर्मन कारखान्यांना हातची ऑर्डर सोडावी लागली. पुढे १९७० मध्ये पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात ‘नळांच्या बदल्यात वायू’ असा करार झाला. जर्मन कारखान्यांनी नळ दिले, जर्मन बँकांनी पैसा पुरवला आणि रशियाने त्याची फेड वायूने केली. १९७३ मध्ये वायू पोहोचू लागला. पश्चिम सायबेरियातील उरेंगोय येथून युक्रेनमार्गे युरोपात जाणारी सुमारे ४,४५० किलोमीटरची वाहिनी बांधली जात असताना १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तिच्या सामग्रीवर निर्बंध लावले. युरोपीय मित्रराष्ट्रांनीच ते मानले नाहीत आणि त्याच वर्षी ते उठवावे लागले. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेले दोन गट वर्षानुवर्षे ठरल्याप्रमाणे माल देत-घेत राहिले. ठरलेल्या गिऱ्हाइकात बरकत असते, हे आम्ही नाकारत नाही.

नळाने बांधलेला विक्रेता

पण नळाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. तेल टाकीत साठवता येते, जहाजात भरून कोठेही नेता येते. वायूचे तसे नाही. तो जहाजाने न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो आणि त्यासाठी अवाढव्य कारखाने लागतात. नळाने जाणारा वायू नळ जेथे संपतो तेथेच विकला जातो.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि नळ परक्या देशांतून जाऊ लागला. भाव आणि थकबाकी यांवरून रशिया व युक्रेन यांचे वाद झाले. जानेवारी २००६ मध्ये पुरवठा तुटला आणि जानेवारी २००९ मध्ये तर युक्रेनमार्गे जाणारा वायू ऐन थंडीत जवळजवळ दोन आठवडे बंद राहिला. रशियाने वळसा घालणारे नवे नळ टाकले. काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानला २००३ मध्ये ‘ब्लू स्ट्रीम’ आणि २०२० मध्ये ‘तुर्कस्ट्रीम’, बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीला २०११ मध्ये ‘नॉर्ड स्ट्रीम’. अब्जावधींचा खर्च झाला, पण बदलला तो मुख्यतः रस्ता. मोठे गिऱ्हाईक तेच राहिले, युरोप.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. युरोपने रशियाकडून घेणे कमी केले आणि रशियानेही अनेक देशांचा वायू तोडला. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिकखालच्या नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी तीन नळ्या स्फोटांनी फुटल्या. १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमधून जाणारा वायूही थांबला. युरोपच्या जोरावर वाढलेल्या गॅझप्रॉम या सरकारी कंपनीला २०२३ मध्ये ६२९ अब्ज रूबलचा तोटा झाला. १९९९ नंतरचा तो तिचा पहिला वार्षिक तोटा होता.

मग तोच वायू चीनला का विकला नाही, असे कोणी विचारील. चीनला जाणारी ‘सायबेरियाची शक्ती’ ही वाहिनी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली खरी. पण तिला वायू मिळतो पूर्व सायबेरियातून. युरोपला वायू देणाऱ्या पश्चिमेकडील विहिरी तिला जोडलेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी मंगोलियामार्गे दुसरी वाहिनी टाकण्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे भावावर अडत राहिल्या. समोरच्याला आपली गरज कळली की तो भाव कशाला वाढवील?

तुर्कमेनिस्तानची गोष्ट याहून बोलकी आहे. या देशाचा वायू जुन्या सोव्हिएत नळाने मुख्यतः रशियालाच जात असे. २००९ मध्ये रशियाने खरेदी घटवली आणि २०१६ मध्ये काही वर्षांसाठी पूर्ण थांबवली. मधल्या काळात चीनपर्यंत नवा नळ झाला होता, म्हणून देश तरला. पण पुढे सगळा भार चीनवर आला. शेठ बदलला, बंधन तेच.

जहाजाची मोकळीक

रशियाला सावरले ते तेलाने, आणि तेही मुख्यतः जहाजातून जाणाऱ्या तेलाने. प्रिमोर्स्क, नोव्होरोसिस्क ही बंदरे नळाने तेलक्षेत्रांशी जोडलेली आहेत. युरोपने पाठ फिरवताच जहाजे गुजरातेतील वाडीनार आणि जामनगरकडे वळली. २०२२ पूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नाममात्र होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. तरीही अडल्या विक्रेत्याला किंमत मोजावी लागली. २०२२ मध्ये एका वेळी युराल्स तेल ब्रेंटपेक्षा बॅरलमागे ३० डॉलरहून अधिक स्वस्त जात होते. शिवाय मे २०२३ मध्ये गोव्यातील परिषदेच्या वेळी रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले की भारतीय बँकांत साठलेले अब्जावधी रुपये वापरता येत नाहीत, ही आमची अडचण आहे. माल विकला जाणे आणि दाम कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही काय म्हणतो

कायमचे गिऱ्हाईक सोडा, असे आम्ही सांगत नाही. रोजच्या चुलीसाठी ते लागते. पण ते एकमेव होऊ देऊ नका. दहा मागांपैकी दोन-तीन मागांवर तरी स्वतःच्या सुताचे कापड काढून ते दुसऱ्या पेठेत दाखवा. एकट्याला झेपत नसेल तर चौघांनी मिळून करा. लांब मुदतीची बोली करायची तर भाव कधी बदलणार आणि काम थांबवायचे झाल्यास किती आगाऊ सूचना देणार, हे कागदावर लिहून घ्या. ओळख आहे म्हणून लाजू नका. दुसरी वाट काढायची ती पहिली चालू असतानाच काढा. अडचणीत सापडल्यावर काढलेल्या वाटेचा भाव समोरचा ठरवतो. आणि बाजाराचे नाव खराब करणाऱ्या भेसळीला, तो आपला भाऊबंद असला तरी, पाठीशी घालू नका.

ज्या देशाकडे एवढे तेल, एवढा वायू, एवढे सैन्य, त्यालाही एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहणे महाग पडले. आपल्याकडे तर फक्त चार माग आणि दोन हात आहेत. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आजच उघडून ठेवला पाहिजे.