लॅपटॉपचा जुना माल पावतीसह घ्या

लॅपटॉप दुरुस्तीचा धंदा चालतो तो बंद मालावर. मदरबोर्ड जळालेल्या नगाची स्क्रीन नि रॅम दुसऱ्याला लावून एक चालू नग उभा राहतो. त्यासाठी आपले कारागीर लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत फिरतात. फिरावे, पण दुकानात आपणहून आलेला, चार्जर नाही, बिल नाही असा स्वस्त नग घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत नि सीरियल नंबर वहीत हवाच. कचेऱ्यांच्या लिलावात दोन पैसे जास्त गेले तरी कागद मिळतो. तिथेही बायोसला पासवर्ड निघाला तर सुट्या भागांचाच भाव द्यावा. फुगलेली बॅटरी मात्र फुकटही आणू नये.